गाडी कधी तापते, कधी नाही: मुंब्रा बायपासला उकळणारी जुनी सहाचाकी

पोलादवाहक

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

गाडी २००९ ची सहाचाकी. टर्बो-इंटरकूलर, डिझेल पंप जुन्या पद्धतीचा इनलाइन, कॉम्प्युटर वगैरे भानगड नाही. मी स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्रा नाहीतर सळई भरतो आणि तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माणकोली करत भिवंडीच्या बाजूला खाली करतो. कधीमधी घोडबंदरवरून वसईला.

त्रास असा की गाडी तापते, पण तिच्या मर्जीने. कधी रात्री शिळफाट्याच्या जॅममध्ये उभ्या उभ्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकतो. कधी भर दुपारी बायपासच्या चढावर धो धो वाफ. आणि मग आठवडाभर काहीच नाही, शहाण्या मुलासारखी चालते. मिस्त्रीकडे नेली की काटा मधोमध! तासभर रेस दिली तरी हलत नाही. दाढदुखी डॉक्टरच्या दारात थांबते ना, तसं.

आतापर्यंत झालेली कामं: दिवाळीच्या आधी वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) नवी टाकली, कारण जुनी गळत होती. त्याच वेळी रेडिएटरचा वरचा-खालचा पाइप आणि फॅन बेल्ट बदलला. नंतर दुसऱ्या मिस्त्रीने 'वॉल' (थर्मोस्टॅट) काढून फेकून दिला, म्हणाला आपल्याकडे थंडी कुठे आहे. तिसऱ्याने रेडिएटर बाहेरून धुऊन दिला. आता चौथा म्हणतोय हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवू, त्याखालचं पॅकिंग गेलंय. खर्च पाच आकडी आणि गाडी चार-पाच दिवस उभी. हप्ता तर थांबत नाही.

हेड उतरवण्याआधी जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहा_कटिंग

विकून टाका, दुसऱ्याला तापवू दे.

पोलादवाहक

@चहा_कटिंग, घेणाराही हाच धागा वाचत असेल तर?

डिझेलआजोबा

एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, तेव्हा थोडं बोलतो.

तुमच्या मजकुरात मला दोन वेगळ्या गाड्या दिसतात. एक रात्री जॅममध्ये तापते, दुसरी दुपारी चढावर. दोघींना एकच रोग असेल असं धरून चार मिस्त्री कामाला लागले, म्हणून कोणाच्याच हाताला काही लागलं नाही.

पहिला प्रश्न: रात्री काटा लाल पट्टीत जातो तेव्हा वाफ येते का? पाणी कमी होतं का? की फक्त काटा जातो? दुसरा प्रश्न: चढावर उकळते तेव्हा नंतर किती लिटर भरावं लागतं?

हेडला हात लावू नका. एक वही घ्या, दहा पैशांची असली तरी चालेल. आठ दिवस प्रत्येक खेपेला लिहा: ठिकाण, वेळ, लोड, गिअर, आरपीएम, काटा कुठे, आणि सकाळी थंड असताना पाणी किती घातलं. आठवणीवर जाऊ नका. आठवण फक्त वाफेची राहते, न तापलेल्या दिवसांची राहत नाही. निदान मात्र त्या न तापलेल्या दिवसांतूनच होतं.

आणि गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही. माझ्या एका सहकाऱ्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता, एका कॅपपायी.

तुर्भेवाली_ताई

दादा, आमच्या सात गाड्या आहेत, एपीएमसीचा माल असतो. सगळ्यात आधी कॅप बघा. लोक कॅपला झाकण समजतात. ती प्रेशरचा वॉल आहे. पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, पण कॅपने ०.७ बार धरून ठेवला की साधारण ११५ पर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं किंवा स्प्रिंग बसली की तेवढी सगळी जागा गेली. मग इंजिन नेहमीइतकंच गरम असलं तरी पाणी बाहेर.

दुसरं, नुसतं बोअरचं पाणी घालत असाल तर बंद करा. आमच्या एका गाडीच्या रेडिएटरमधून निघालेला क्षार बघितला असता तर तुम्ही घरच्या हंड्याचंही पाणी प्यायला नसता.

सळईसम्राट

मिस्त्री बरोबर बोलतोय. कधी तापते कधी नाही म्हणजे हेड पॅकिंगच. माझ्या गाडीला अगदी सेम. मी दोन महिने टाळलं आणि शेवटी हेडला क्रॅक निघाली. पोलादवाहक, वेळ घालवू नका.

डिझेलआजोबा

@सळईसम्राट, असू शकतं, नाही म्हणत नाही. पण पॅकिंग गेलंय की नाही हे हेड न उतरवता कळतं. सकाळी थंड गाडीची कॅप काढा, पाणी काठोकाठ भरा, स्टार्टर मारा. मिनिटभरात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे आले आणि रेस दिल्यावर वाढले, तर कॉम्प्रेशन पाण्यात घुसतंय. नुकतीच भरलेली असेल तर अडकलेली हवा थोडा वेळ येते, तिने फसू नका, ती थांबते. दुसरी खूण: कॅप लावून थंड गाडी चालू केली आणि दोन मिनिटांत, पाणी कोमट व्हायच्या आत, वरचा पाइप दगडासारखा कडक झाला. निळ्या द्रावाची टेस्टही मिळते, रेडिएटरच्या तोंडावर नळी धरायची, जळालेला गॅस आला की निळ्या द्रावाचा रंग बदलतो. एवढं करून मगच पाच आकडी खर्चाचं बोला.

घाटमाथा

अवांतर: ते वॉल काढून फेकणाऱ्या मिस्त्रीचं काय करायचं? आमच्याकडे कसारा लाइनला सगळे हेच करतात.

डिझेलआजोबा

@घाटमाथा, त्याच्याकडून वॉलचे पैसे वसूल करायचे.

गंमत बाजूला. थर्मोस्टॅट फक्त थंडीसाठी असतो हा गैरसमज आहे. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो दोन कामं करतो. साधारण ८० अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि रेडिएटरची वाट मोकळी करतो, त्याच वेळी त्याची खालची चकती बायपासचं भोक (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात वळवणारी वाट) बंद करत जाते. तोच काढला तर बायपास कायम उघडा. मग काही पाणी रेडिएटरकडे जातच नाही, इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं. जॅममध्ये थंड, लोडला गरम, असा उलटा प्रकार होतो. शिवाय इंजिन नीट तापत नाही म्हणून डिझेल जास्त खातं ते वेगळं. वॉल अडकतो का ते बघायचं असेल तर चहाच्या पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि दोरीला टांगलेला वॉल, बस्स. पातेलं घरचं घेऊ नका.

पोलादवाहक

नऊ दिवसांनी येतोय. वही भरली. आधी आजोबांच्या टेस्ट: बुडबुडे नाहीत. थंड असताना वरचा पाइप दोन मिनिटांनी मऊच. ऑइलमध्ये पाणी नाही. सळईसम्राट भाऊ, राग नसावा.

आता वहीतलं थोडक्यात. सोमवार रात्री साडेदहा, कल्याण फाट्याला जॅम, लोड दहा टन, काटा लाल पट्टीला, पण वाफ नाही. सकाळी पाणी बघितलं तर जसंच्या तसं. मंगळवार दुपारी एक, त्याच जागी त्याहून मोठा जॅम, पाऊण तास, काटा मधोमध. बुधवार दुपार, वाय जंक्शन सोडून बायपासचा चढ, पुढे ट्रेलर रांगत होता, तिसऱ्या गिअरात अडकलो, इंजिन ओरडत होतं, निम्म्या चढावर काटा वर आणि वाफ. सकाळी पाच लिटर गेलं. गुरुवारी तोच चढ, तेवढाच लोड, रस्ता मोकळा, चौथ्यात निघालो, काही नाही. शुक्रवारी रात्री नऊला ऐरोलीकडून येताना काटा लाल, वाफ नाही, पाणी कमी नाही. शनिवारी वसईची खेप, गायमुखच्या चढावर पुन्हा तिसऱ्यात, पुन्हा वाफ. बाकी दिवस शांत. रिकामी येताना एकदाही नाही.

लिहिताना माझं मलाच नवल वाटलं. मी सगळ्यांना 'कधीही तापते' सांगत होतो.

वायरमन_वाशी

रात्री लाल, दुपारी त्याच जॅममध्ये बरी. दादा, रात्री तुम्ही काय चालू करता जे दुपारी करत नाही?

हेडलाइट.

आत्ताच्या आत्ता एक करा. गाडी स्लोवर ठेवा, काटा कुठे आहे बघा, मग हेडलाइट, केबिनचा पंखा, वायपर, सगळं एकदम लावा. काटा त्याच क्षणी उडाला तर पाण्याचा काही संबंध नाही. पाणी एका सेकंदात दहा अंश तापत नसतं.

पोलादवाहक

केलं. हेडलाइटला काटा दोन बोटं वर. वायपर लावले, अजून वर. बंद केले, खाली! आठ महिने मी या काट्यापायी रात्री जॅममध्ये इंजिन बंद करून घाम पुसत बसायचो.

वायरमन_वाशी

अर्थिंग. तापमानाचा सेंडर म्हणजे एक रेझिस्टन्स, जसा गरम होतो तसा कमी होतो. मीटर तेवढंच मोजतं. मीटरची अर्थ गंजली की दिव्यांचा करंट परत जाताना तिथेच अडखळतो, तेवढा व्होल्टेज मीटरच्या हिशोबात शिरतो आणि काटा खोटं बोलायला लागतो. मल्टिमीटर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, सगळे दिवे चालू. ०.२ व्होल्टच्या आत हवं. मग तसंच मीटरच्या अर्थच्या स्क्रूवर. इंजिन ते चासी जी जाड पट्टी असते तीही काढून पॉलिश पेपर मारा. उरण-पनवेल पट्ट्यात खारी हवा, मी आठवड्याला दोन तरी अशा करतो. लोक मात्र आधी सेंडर बदलतात, मग मीटर, आणि शेवटी माझ्याकडे येतात.

पोलादवाहक

मीटरच्या अर्थवर १.४ आलं. स्क्रू हिरवागार झाला होता. साफ केला, नवी वायर ओढली, आता ०.१. रात्रीचा आजार संपला. वायरमन दादा, दंडवत.

पण चढ बाकी आहे. तिथे पाच लिटर पाणी खरंच जातं.

डिझेलआजोबा

आता खरी गंमत. खोटी तक्रार बाजूला झाली, वहीत उरलं काय? लोड, खालचा गिअर, चढलेला आरपीएम. जॅममध्ये खरं तर कधीच तापली नाही.

आमच्याकडे एक ढोबळ हिशोब असायचा: जॅममध्ये तापते तर वारा शोधा, चढावर तापते तर पाणी शोधा. जॅममध्ये गाडी स्वतः वारा खात नाही, तेव्हा पंखा, त्याचा व्हिस्कस क्लच, श्राउड (पंख्याभोवतीचं कडं), इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मध्ये साचलेला ऑइल-मातीचा लगदा, यांच्यावर संशय. चढावर, आरपीएम भरपूर असताना तापली, तर पाणी पुरेसं फिरतंय का ते बघायचं. पंपाचं पातं शाफ्टवर सैल, रेडिएटरच्या नळ्या बुजलेल्या, कुठेतरी पाइप आवळलेला. अपवाद असतात. डिझेल पंपाचं टायमिंग मागे गेलं असेल, ब्रेक धरून राहत असेल, तरी लोडला तापते. हे शास्त्र नव्हे, सुरुवात कुठून करायची तेवढं कळतं.

तापमान मोजायची बंदूक मिळते, घ्या किंवा मागून आणा. पुढच्या वेळी उकळायला लागली की चढ संपल्यावर सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि थांबल्या थांबल्या क्लीनरला मोजायला लावा: वरचा पाइप किती, खालचा किती. चकचकीत अॅल्युमिनियमवर बंदूक कमी दाखवते, काळ्या रबरावर किंवा काळी टेप लावून मोजा.

तुर्भेवाली_ताई

बायपासला चढावर थांबू नका हं दादा, मागून येणारे ट्रेलर बघत नाहीत. खाली रेतीबंदरच्या अंगाला गेल्यावरच.

पोलादवाहक

मुद्दाम तिसऱ्यात चढवली. आजोबा, तुमच्या नादाने मी माझीच गाडी उकळवायला निघालो, घरचे हसतायत. काटा वर जायला लागला तसा चढ संपला, जागा मिळताच थांबलो. क्लीनरने मोजलं: वरचा पाइप १०३, खालचा ५८.

डिझेलआजोबा

४५ चा फरक! वा.

नीट लक्ष द्या. लोडला वर-खाली साधारण दहा-बारा अंशांचा फरक असतो. वारा कमी पडत असता तर वरचं पाणीही गरम आणि खालचंही गरम, फरक कमी झाला असता. तुमचा वाढलाय. म्हणजे रेडिएटर आपलं काम चोख करतोय, पाणी त्याच्यात निवांत बसून गार होतंय, इंजिनकडे जातच नाहीये. वाट कुठेतरी बंद.

नळ्या बुजल्या असत्या तर चौथ्यातही थोडीफार तापली असती. पंपाचं पातं सैल असतं तर ते दिवस बघून फिरलं नसतं. ज्याला फक्त जास्त आरपीएमला आणि फक्त गरम असताना बंद व्हायचंय, असं एकच पात्र मला आठवतं. दिवाळीत वॉटर बॉडीबरोबर खालचा पाइप बदलला म्हणालात. नव्या पाइपात आत तारेची स्प्रिंग आहे का?

पोलादवाहक

स्प्रिंग? थंड असताना हात घालून दाबला, टणक लागतोय. स्प्रिंग आहे की नाही कसं कळणार?

डिझेलआजोबा

थंड असताना टणकच लागणार. गाडी पूर्ण तापवा, उभी करा, हँडब्रेक, चाकाला उटी (अडसर). एकाला आत बसवून हळूहळू २२०० पर्यंत रेस द्यायला सांगा. तुम्ही बाजूने टॉर्च मारून खालचा पाइप बघा. पंख्याच्या जवळ जाऊ नका, गळ्यात गमछा ठेवू नका.

कारण सांगतो. वरच्या पाइपात इंजिन पाणी ढकलतं, तो फुगतो. खालच्यातून पंप पाणी ओढतो, तो आत खेचला जातो. आरपीएम वाढला की ओढ वाढते. म्हणून लांब खालच्या पाइपात स्प्रिंग देतात, चपटा होऊ नये म्हणून. कॅप प्रेशर धरत असेल तर तेही पाइपाला आतून आधार देतं. कॅप कमजोर असेल तर तो आधारही गेला.

पोलादवाहक

मंडळी.

१९०० ला काही नाही. २१०० ला पाइपाची मधली बाजू आत गेली. २२०० ला पार चपटा, केळ्याच्या सालीसारखा. रेस सोडली, टप्पकन गोल! मिस्त्रीकडे तासभर रेस दिली होती पण सगळे वरून रेडिएटर बघत बसलेले, खाली कोणी वाकलंच नाही.

पाइप काढला. आत स्प्रिंग नाही. जुना पाइप मी केबिनच्या मागे दोरीने बांधून ठेवला होता (काहीच फेकत नाही, बायको त्यावरून बोलते), त्यात गंजलेली का होईना, स्प्रिंग आहे. दिवाळीत ज्यांच्याकडे काम केलं त्यांनी त्याच मापाचा साधा पाइप कापून बसवला होता.

कॅपही तपासून घेतली, ०.७ लिहिलंय आणि ०.३ च्या वर धरत नाही.

सळईसम्राट

मानलं. मी हेड उतरवायला लावलं असतं तर पॅकिंग नवं बसलं असतं आणि गाडी तरीही उकळली असती. त्या दिवाळीवाल्यांना सोडू नका.

पोलादवाहक

भांडून आलो. 'आजकाल सगळे हेच टाकतात' म्हणाले. पाइपाचे पैसे परत दिले, वाफेत गेलेल्या दिवसांचं कोण देणार?

स्प्रिंगवाला पाइप, नवी कॅप, नवा थर्मोस्टॅट (पातेल्यात टेस्ट करून, पातेलं भंगारातलं) आणि निम्मं कूलंट निम्मं शुद्ध पाणी घातलं. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे बोअर बंद. कूलंट भरताना बिल जरा लागलं.

तुर्भेवाली_ताई

कूलंट नुसतं उकळू नये म्हणून नसतं दादा. तुमच्या इंजिनात लायनर (सिलिंडरचं अस्तर) ओले, म्हणजे बाहेरून थेट पाण्याला लागणारे असतील तर नुसत्या पाण्यात बारीक बुडबुडे फुटून लायनरला बाहेरून टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. ते बिल कितीतरी मोठं असतं. आणि भरल्यावर एअर लॉक (आत अडकलेली हवा) काढलात ना?

पोलादवाहक

काढला, वरचा स्क्रू सैल करून सलग धार येईपर्यंत.

चार खेपा झाल्या. बायपास तिसऱ्यात, मुद्दाम. गायमुख एकदा. काटा मधोमध आणि दिवे लावले तरी मधोमध. वर ९१, खाली ८०.

फक्त एक राहिलं. आठवड्याला अर्धा लिटर अजून कमी होतंय. उकळत नाही, वाफ नाही, तरी कमी.

डिझेलआजोबा

नवा पाइप आहे, गरम-थंड होऊन बसला की क्लिपा सैल पडतात, एकदा थंड असताना आवळा. त्यानंतरही कमी झालं तर वॉटर बॉडीच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, सील गळायला लागलं की तिथून थेंब येतो. ते भोक बुजवू नका, काही लोक एमसील लावतात. नवी वॉटर बॉडीही त्यांनीच बसवली होती ना?

पोलादवाहक

त्यांनीच. आज रात्री गाडी लावताना खाली पुठ्ठा टाकतो, सकाळी डाग कुठे पडलाय ते वहीत लिहितो.